बाबांना न आवडलेला सिनेमा

६ जानेवारी

ती. ताईस, राघूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दातांच्या लॅबमध्ये नवी भट्टी आली आणि तिने पहिल्याच दिवशी तुझ्या दोन कवळ्या तडकवल्या, हे वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तू म्हणशील, क्रम उलटा हवा होता. तुझ्या बोलण्याची सवय आहे मला.

आज लिहायला खास कारण आहे. बाबांच्या छापखान्यातल्या संपावरचा सिनेमा अखेर लागला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलंय. आमच्या कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नाही. इतिहासाच्या मॅडम तीनदा बघून आल्या आणि तिन्ही वेळा रडल्या, असं त्या स्वतःच येईल त्याला सांगतात. मालकाने कागद आपोआप ओढणारी मशीन आणली, चौदा माणसं नकोशी झाली आणि सत्तर जण पाच महिने फाटकाबाहेर बसले, ते सगळं त्यात आहे. ते पत्र्याचं उतरतं छप्पर, ते छपाईच्या खिळ्यांचे खण, सगळं हुबेहूब.

दोन वर्षांपूर्वी एक दिग्दर्शक माझ्याकडे येऊन तीन दुपारी बसला होता, आठवतंय? चहावर चहा प्यायला आणि बशीत सिगारेट विझवली म्हणून तुझ्या वहिनीने पुढे महिनाभर त्याचा उद्धार केला. तोच हा. सुरुवातीला ज्यांचे आभार मानलेत त्यांत माझं नाव आहे, वरून सहावं. ते फार वेळ राहत नाही, तेव्हा नेमकी त्याच वेळी पर्समध्ये रुमाल शोधू नकोस.

तू नक्की बघ. बाबांना मात्र नेऊ नकोस. त्यांचे गुडघे, त्यात तीन तास बसणं, आणि जुनं सगळं उगाच वर यायचं. मी सवडीने त्यांच्याशी बोलेन.

तुझा लोभ आहेच. या खेपेस त्यात चिमूटभर कौतुकही घाल, एवढंच मागणं.

तुझा,
राघू


१९ जानेवारी

चि. राघूस अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिले गेले. आत्ता मनात नाहीत, हे आधीच सांगते.

बाबांना नेऊ नकोस असं तू लिहिलंस, ते गुडघ्यांसाठी असं मी समजले. गल्लीतला जो तो बघून येत होता आणि बाबांनी स्वतः दोनदा विषय काढला. म्हणून शनिवारी लॅबमधून लवकर निघाले आणि त्यांना घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घातला त्यांनी, दाढी केली. थिएटर गच्च भरलं होतं. तुझं नाव आलं तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर बोट टेकवलं आणि नाव जाईपर्यंत उचललं नाही.

पहिला अर्धा तास खुशीत होते. मग तो मशीनवरचा माणूस आला. हसताना तोंडावर हात धरतो. डबा ओल्या फडक्यात बांधून पोटाशी धरून आणतो. बाहेर सगळे संपावर, आणि हा मागच्या खिडकीतून आत शिरायला जातो, खिळ्याला विजार अडकते आणि अर्धा आत अर्धा बाहेर असा लोंबकळत राहतो. शिवाय डबा पडून गडगडत जातो. थिएटर हसून लोळत होतं. माझ्या पुढचा माणूस हसता हसता खोकायला लागला, त्याच्या बायकोने त्याची पाठ चोळली.

राघू, खिडकीची गोष्ट चार माणसांना माहीत होती. संप संपून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर बाबांनी ती जेवताना सांगितली होती, आपण पोटं धरून हसलो होतो. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी ती कुणाला सांगितलेली नाही. आता तूच मोजून बघ कोण उरतं.

बाबाही हसले. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. आणि हसताना त्यांचा हात तोंडावर गेला. कवळी बसवून नऊ वर्षं झाली, पुढचे दात मी माझ्या हाताने मेणात लावलेत, झाकण्यासारखं काही राहिलेलं नाही, तरी हात जातोच. पलीकडच्या बाईने ते पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. मध्यंतरात मी म्हटलं, निघू या. ते म्हणाले की अर्ध्यातून उठलं तर लोक बघतील. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा तेही उभे राहिले.

त्यानंतर न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी त्यांना विचारलं की आज दारातून आलात की खिडकीतून. आता केस मी कापते. मला ते येत नाही, मागून पायऱ्या पडल्यात.

आणि सिनेमा म्हणूनही तो मला आवडला नाही, ज्याला रडायचं त्याने खुशाल रडावं. निम्मा वेळ माणसं एकमेकांकडे बघत उभी असतात आणि व्हायोलिन वाजतं. बघायचंच असेल तर रविवारी सकाळी जुने सिनेमे लागतात ते बघ. त्यांत निदान कुणाच्या बापाला टांगलेलं नसतं. मी इस्पितळात होते, माझ्या औषधांसाठी तो माणूस संप सोडून आत गेला. हे तुला माहीत होतं. ते सोडून तू विजार सांगितलीस.

उत्तर पाठव. गोडगोड नको.

ताई


२७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

नेऊ नकोस असं मी लिहिलं होतं. ते एक वाक्य तू ऐकलं असतंस तर बाबांना काही कळलंच नसतं. हे लिहिताना माझं मलाच हे लंगडं वाटतंय, तरी खोडत नाही.

तुझं सगळं वाचलं, आता माझं ऐक. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तू गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलींच्या शाळेत, आणि नंतर चार महिने इस्पितळात. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही असं आईने मला बजावलं होतं. छापखान्यातल्या माणसांची निम्मी मुलं माझ्या शाळेत होती. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकाकांचा मुलगा पहिलीपासून माझ्या शेजारी बसायचा. एका सकाळी तो उठून मागच्या बाकावर गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. दोघांच्या बाकावर मी एकटा बसायचो. मास्तरांनी कानाडोळा केला, कारण त्यांचा भाऊही संपावर होता. संप मोडला तो आत गेलेल्या नऊ जणांमुळे, आणि त्या नवांत पहिले बाबा होते, हे मला घरात कुणी सांगितलं नाही, शाळेत रोज सांगितलं. कंपोझिटरकाकांनी पुढे गोदामात पोती उचलली. त्यांची बोटं बारीक होती, तुला आठवत असतील.

चोवीस वर्षांत त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिग्दर्शकाने विचारलं. पहिल्या दुपारी मी बोललोच नाही, दुसऱ्या दुपारी थांबता येईना. खोटं एक अक्षर सांगितलं नाही. तुझं आजारपणही सांगितलं, त्यासाठी बाबा आत गेले तेही सांगितलं. तो म्हणाला की ते दाखवलं तर प्रेक्षकांचं मन दोन्हीकडे ओढलं जाईल, प्रसंग पातळ होईल. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही.

पण सिनेमा वाईट आहे असं म्हणू नकोस. चांगल्या सिनेमातही आपला माणूस वाईट दिसू शकतो.

बाबांना काय सांगू ते कळत नाही. तूच सुचव. रागावलेली असलीस तरी माझी ताईच आहेस, हे धरून चालतो.

राघू


५ फेब्रुवारी

चि. राघूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ताईला आलेलं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि चष्मा डोळ्यांवर होता, म्हणून वाचलं. ताई त्यावरून दोन दिवस बोलली नाही. असो.

सिनेमा मला आवडला नाही. ताई सांगते त्या कारणाने नाही. त्यात मशीनवर कागद डाव्या बाजूने देतात, तसा दिला तर हात जाईल. कुणी हात धुताना दिसत नाही. छापखान्यात दिवसाचा अर्धा तास हात धुण्यात जायचा, घासलेट आणि भुसा घेऊन, आणि खऱ्या गप्पा तिथेच व्हायच्या. आमचा पुढारी तोतरा होता. एक वाक्य पुरं व्हायला त्याला इतका वेळ लागे की तेवढ्यात ऐकणाऱ्याचा विचार करून होई, म्हणून लोक त्याला मानत. सिनेमात तो भारदस्त आवाजाचा देखणा गडी आहे आणि स्टुलावर चढून बोलतो. तसं बोलणाऱ्याच्या मागे आमच्यातले चार लोकही पाच महिने बसले नसते.

आता खिडकीचं. पहिल्या दिवशी खिडकी नव्हती. फाटक उघडं होतं. दोन्ही बाजूंना आपलेच लोक बसले होते, मी मधून गेलो. कुणी शिवी दिली नाही. कंपोझिटरने पाय पसरले होते, ते त्याने मला जाता यावं म्हणून जवळ घेतले. बाकी काही झालं नाही. खिडकी पुढच्या आठवड्यातली, त्यांनी फाटकाला आपलं कुलूप घातल्यावरची. तुम्हाला खिडकीची गोष्ट सांगितली, कारण ती सांगता येण्यासारखी होती.

ताईच्या आजारपणाचंही लिहून टाकतो, तुम्ही दोघं त्यावरून भांडता आहात म्हणून. मी आत गेलो ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. ताई आजारी पडली मार्च संपताना. रोज सकाळी त्याच वेळी डबा घेऊन निघायचो, त्यामुळे बाहेर बसायचं सोडून मी नेमका कधीपासून आत जायला लागलो हे तुम्हा मुलांना कळलं नाही. पुढे शेजारपाजारी सांगायला तुमच्या आईने ही दोन्ही टोकं एकत्र शिवली आणि मी ती उसवली नाहीत.

ती नवी मशीन लाकडी खोक्यातून उतरवताना मी पाहिली होती. हिरव्या रंगाची होती. फुंकर मारून कागद सुटा करायची आणि एका वेळी एकच उचलायची, कधी दोन नाही. मॅनेजरने निरोप धाडला की ती चालवायला एक माणूस शिकवायचा आहे, जो आधी येईल तो. मी गेलो. मला ती चालवायची होती. अठरा वर्षं चालवली आणि चांगली चालवली. तिच्यापायी चौदा माणसं जाणार हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू ऐकलेलं सांगितलंस. अपुरं सांगणारा मी.

चांगले सिनेमे बघायचे असतील तर इथे रविवारी सकाळी दाखवतात. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. एक आहे नावाड्याचा. नवराबायको दोघं मिळून नाव चालवतात, पूल होतो, मग नाव लागत नाही. ओरडत कुणी नाही. दुसरा आहे भिंत रंगवणाऱ्याचा, तो हसण्याचा आहे. शिडीवरून तो चार वेळा पडतो, पण आपला आपण पडतो. तिसऱ्यात एक लबाड कारकून आहे, शेवटपर्यंत लबाडच राहतो, त्याची दाढ दुखते तर आपल्याला चैन पडत नाही. तू शिकवणारा माणूस आहेस, हे बघावेस.

प्रकृतीस जपावे. उत्तराची घाई नाही.

बाबा


६ फेब्रुवारी, त्याच पाकिटात

राघू,

बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं ते उघडंच. वाच म्हणाले नाहीत, वाचू नको असंही म्हणाले नाहीत. मी लॅबमध्ये, प्लास्टर वाळायची वाट बघत, वाचलं.

मला तारखा कधी जुळवाव्याशा वाटल्या नाहीत. माझ्यामुळे बाबांची मान खाली गेली, एवढं धरून मी सगळं ठरवत आले. अकरा वर्षांपूर्वी त्या मोठ्या लॅबने बोलावलं होतं, मी नाही म्हटलं. त्याच्या आधीचं ते लग्नाचं, ज्याबद्दल आपण घरात बोलत नाही, त्यालाही नाहीच म्हटलं. आई म्हणायची की तुझ्यासाठी बाबांनी काय सोसलंय ते विसरू नकोस. नाही विसरले. कशासाठी सोसलं ते काल कळलं, हिरव्या रंगाची होती म्हणे.

मी त्यांना विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलंत. त्यांनी उलट मलाच विचारलं की मी कधी विचारलं होतं का. मग उठून त्यांनी आपला कप विसळला.

त्या लॅबला आज पत्र टाकलं. तिथली एक बाई मला ओळखते, मागच्याच महिन्यात जागा आहे म्हणाली होती. जमलं तर एक मार्चपासून मी तिथे. बाबा तुझ्याकडे यायला तयार नाहीत. तुझ्याकडे गेले तर तू दिवसभर सांभाळून वागशील आणि ते त्यांना सहन होणार नाही, असं म्हणतात. स्वयंपाकाला बाई बघितली आहे. रविवार तुझे.

राग आहे का असं विचारशील. आहे. तुझ्यावरचा कमी झाला, तो सरकून पलीकडे गेला आणि जिथे गेलाय तिथे म्हाताऱ्या माणसावर तो शोभत नाही. म्हणून जाते.

आशीर्वाद वेगळे लिहीत नाही. आहेत.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या नव्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि मालकीणबाईंना तुझ्या हातची कवळी हवी आहे, हे वाचून बरं वाटलं. त्यांना आधी भाडं कमी करायला सांग.

दोन गोष्टी लिहायच्यात. पहिली तुला आवडणार नाही. सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं आणि सत्काराला मलाही बोलावलं होतं. मी गेलो. जाणार नव्हतो असं लिहिणं सोपं होतं, पण गेलो, तिसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर निवडक प्रसंग दाखवले, त्यांत खिडकी होतीच. लोक हसले. शेजारच्याने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही हसलो. नंतर दिग्दर्शकाला गाठून बाबांनी लिहिलेलं सांगायला गेलो, उघड्या फाटकाचं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला की हे आधी मिळायला हवं होतं, फार सुंदर प्रसंग झाला असता. मी तिथून जेवायला न थांबता निघालो.

दुसरी गोष्ट, परवाच्या रविवारची. बाबांना त्या सकाळच्या खेळाला घेऊन गेलो. नावाड्याचाच सिनेमा होता. सगळे मिळून अकरा लोक, त्यांतले दोघे बाहेर ऊन आहे म्हणून आत बसलेले. ताई, तो सिनेमा मला अजिबात आवडला नाही. नाव इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते. दीड तासाने पुलाचा पहिला खांब उभा राहतो. बाबा मात्र पुढे झुकून बघत होते, एकदाही पाठ टेकली नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं की अप्रतिम आहे, काय तो संयम, काय ते पाणी. बाबा म्हणाले, तू दोनदा घोरलास. मग बसथांब्याकडे चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, खरं बोलायला तुला परका माणूस लागतो, घरच्यांना तू नुसतं बरं वाटेल तेवढं सांगतोस, आणि हे तू माझ्याकडूनच उचललं असणार.

मग मी सांगितलं. आधी सिनेमा कंटाळवाणा होता ते सांगितलं. मग शाळेतल्या बाकाचं सांगितलं. मग जे तुलाही लिहिलं नव्हतं तेही, की एका दुपारी ते मला घ्यायला शाळेत आले होते आणि मी त्यांना पाहून मागच्या भिंतीवरून उडी मारून पळालो होतो, आणि ते रिकाम्या शाळेबाहेर किती वेळ उभे होते ते मी समोरच्या दुकानाआडून बघत होतो. त्या सत्कारात मी हसलो तेही सांगितलं. बस येईपर्यंत बोलत होतो. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, मला वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा नाही.

बसमध्ये शेजारी शेजारी जागा नव्हती. ते पुढे बसले, मी चार आसनं मागे. सगळी वाट त्यांची मान दिसत होती. तू गेल्यापासून त्यांनी केस कापलेले नाहीत. आपला थांबा आल्यावर ते उठले, दांडा धरून मागे वळले आणि मी उठलो ना, एवढं बघून मग उतरले.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. काय लागलंय ते माहीत नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, तेही मला आता ऐकता यायला हवं.

तुझा,
राघू